नळपाणी योजनेची उद्दिष्टं तोटीकडून लिहा: गावाची गरज आराखड्यात उतरवण्याची पद्धत

नळपाणी योजनेच्या अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर साधारण असं वाक्य असतं: 'उद्भव विहीर, पंपगृह, ऊर्ध्ववाहिनी, ७० हजार लिटरची उंच टाकी व वितरण व्यवस्था करणे.' (उद्भव म्हणजे पाण्याचा स्रोत, ऊर्ध्ववाहिनी म्हणजे तिथून टाकीपर्यंत पाणी चढवणारा पाइप.) ही कामांची यादी झाली. यातलं प्रत्येक काम पूर्ण होऊन, मोजमाप पुस्तकात नोंदून, बिलं निघूनसुद्धा वरच्या वाडीतली बाई हंडा घेऊन विहिरीवर जात असेल, तरी कागदावर योजना पूर्णच दिसते. योजना कशासाठी, हे कुणी लिहिलेलंच नसतं. त्यामुळे ती फसली हेही कुणाला दाखवून देता येत नाही.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पाणी समितीचे सदस्य आणि गावात काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी हा लेख आहे. तांत्रिक आराखडा अभियंता करतो. पण त्याच्या हातात काय द्यायचं, हे गावाने ठरवायचं असतं आणि तेही सर्वेक्षणाच्या आधी. हिशेब समजावा म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: १,८०० लोकसंख्या, ३६० घरं, एक गावठाण, एक वरची वाडी आणि ओढ्यापलीकडची एक वस्ती. आकडे तुमच्या गावाचे घाला, रीत तीच राहील.

पहिली पायरी: फेरी शेवटच्या घरापासून सुरू करा

पाहणीला आलेली मंडळी ग्रामपंचायतीत चहा घेतात, टाकीची जागा बघतात, मुख्य रस्त्याने चालतात आणि उन्हं वाढली की परततात. वरची वाडी राहून जाते. म्हणून फेरीची दिशाच उलटी ठेवा. सगळ्यांत उंचावरच्या आणि सगळ्यांत लांबच्या घरापासून निघायचं, उद्भवापर्यंत यायचं. सोबत गावाचा हाती काढलेला नकाशा ठेवा आणि त्यावर प्रत्येक घर, हातपंप, जनावरांचा हौद, शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र, मंदिर, बंद घरं आणि सध्याच्या वाहिनीचे व्हॉल्व्ह मांडत या.

या फेरीत उंचीचा अंदाज नक्की घ्या. मोबाइलवर दिसणारी उंची काही मीटरनी चुकते, तिच्यावर विसंबू नका. शाखा अभियंत्याला आधीच सांगून ठेवा, की टाकीची जागा ठरवण्यापूर्वी सर्वांत उंच घराच्या जोत्याची लेव्हल हवी. एकमजली घराला तोटीशी निदान ७ मीटर दाब मिळावा, असं आराखड्याचं प्रमाण आहे. टाकीच्या तळापेक्षा घराचं जोतं जेवढं खाली, तेवढाच दाब मिळतो आणि त्यातूनही पाइपमधल्या घर्षणात काही जातो. ग्रामपंचायतीची जागा फुकट मिळते म्हणून टाकी खोलगट भागात उभी राहिली, तर वरची वाडी पुढची तीस वर्षं टँकरकडे डोळे लावून बसते.

दुसरी पायरी: कुणाकुणाला विचारायचं

घरोघरी नळाने पाणी देण्यासाठीचं केंद्र सरकारचं जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला सुरू झालं. त्याच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाणी समितीत १० ते १५ सदस्य असतात आणि त्यांत निम्म्या तरी महिला हव्यात. समिती नेमली म्हणजे गावाला विचारलं, असं मात्र होत नाही. ज्यांचं योजनेवाचून अडतं आणि ज्यांच्यामुळे योजना अडते, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांची यादी करा.

पहिल्या यादीत पाणी भरणाऱ्या बाया, शेवटच्या टोकाची घरं, दलित वस्ती, एकटी म्हातारी माणसं, जनावरं पाळणारे, शाळा आणि अंगणवाडी येतात. हंगामी स्थलांतर करणाऱ्यांना विसरू नका. बीड, अहिल्यानगरकडच्या कित्येक गावांतली कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. सर्वेक्षण जानेवारीत झालं, तर त्यांच्या घरांना कुलपं दिसतात आणि गरज कमी धरली जाते. ती माणसं परततात तेव्हा विहिरींनी तळ गाठलेला असतो. कोकणात चाकरमानी मे महिन्यात आणि गणपतीला येतात. त्यातला मे महिना जड जातो, कारण घरं भरतात ती नेमकी पाणी आटल्यावर. म्हणून माणसं मोजताना प्रत्येक घरामागे दोन आकडे घ्या: आज किती आणि मे महिन्यात किती.

दुसऱ्या यादीत ज्याच्या शेतातून ऊर्ध्ववाहिनी जाणार तो शेतकरी, उद्भवाच्या आसपास विहिरी असलेले बागायतदार, टाकीच्या जागेचा मालक, महावितरणचा लाइनमन, रस्ता खोदायला परवानगी देणारं बांधकाम खातं आणि पाणी सोडणारा कर्मचारी असतो. या शेवटच्या माणसाला बैठकीला बोलवायचं कुणाला सुचत नाही. पण कुठला व्हॉल्व्ह गळतो, कुठल्या गल्लीत मोटारी लागतात, टाकी भरायला खरे किती तास जातात, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्याच्यासोबत एक अख्खी सकाळ फिरा.

वाहिनीच्या वाटेवरच्या शेतकऱ्याची एक मागणी जवळजवळ ठरलेली असते: 'पाइप जाऊ देतो, पण मला त्यावर एक कनेक्शन द्या.' ऊर्ध्ववाहिनीवर एक जोड दिला की वर्षभरात त्याचे पाच होतात. पंप तेवढेच तास चालतो आणि टाकी अर्धीच भरते. त्याची गरज बहुधा जनावरांच्या पाण्याची असते. वितरण वाहिनीवरून हौद बांधून देण्याचं कबूल करा आणि 'ऊर्ध्ववाहिनीवर जोड नाही' हे संमतीपत्रातच लिहून घ्या. विहिरीची आणि टाकीची जागा तोंडी कबुलीवर घेऊ नका. बक्षीसपत्र नोंदवून सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव लागेपर्यंत जागा मिळाली असं धरू नका. पुढच्या पिढीत भावाभावांत वाटण्या होतात आणि पंपगृहाला कुलूप लागतं.

तिसरी पायरी: कालचं विचारा

'पाणी पुरतं का?' या प्रश्नाला गावात एकच उत्तर मिळतं: नाही. 'नळ हवा का?' याचंही एकच: हो. या दोन्हींवरून आराखड्यात एक ओळसुद्धा लिहिता येत नाही. म्हणून घडून गेलेल्या दिवसाबद्दल विचारा:

- काल पिण्याचं पाणी कुठून आणलं? वापरायचं कुठून?
- किती खेपा झाल्या? कुणी आणलं? निघाल्यापासून परत येईपर्यंत किती वेळ गेला?
- नळाला पाणी किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं?
- गेल्या मे महिन्यात किती दिवसांआड आलं? टँकर किंवा जार विकत घेतला का, केवढ्याला?
- घरात साठवायला काय आहे: पिंप, सिमेंटची टाकी की नुसते हंडे?
- सकाळी कामाला किती वाजता निघता?

हंडा हे माप घराघरांत वेगळं असतं. जाताना एक लिटरची बाटली सोबत न्या आणि त्या घरचा हंडा समोर भरून मोजा. बारा लिटरचाही निघतो, अठराचाही. खेपा गुणिले लिटर केलं की त्या घराचा खरा वापर कळतो. अनेक घरांत तो माणशी दिवसाला ५५ लिटरच्या सरकारी प्रमाणाहून कमी भरतो, कारण पाणी डोक्यावरून आणावं लागतं.

महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची कायद्यातच तरतूद आहे. ती नावापुरती उरकू नका. मजुरीला जाणाऱ्या बायांना सकाळी अकरा वाजता बोलावलं, तर ज्यांना कामाला जावं लागत नाही त्याच येतात. रात्री जेवणं झाल्यावर वस्तीवरच बसा. पुरुषांच्या बैठकीत टाकीच्या आकारावर चर्चा रंगते. बायांच्या बैठकीत पहिला प्रश्न वेळेचा निघतो, कारण सात वाजता खुरपणीला जाणारीला आठ वाजता आलेलं पाणी काहीच उपयोगाचं नसतं.

चौथी पायरी: उत्तरांचे आकडे करा

१,८०० माणसं गुणिले ५५ लिटर म्हणजे ९९,००० लिटर. मोठी जनावरं ३०० असतील तर दिवसाला सुमारे ५० लिटरप्रमाणे १५,००० लिटर, शेळ्या-मेंढ्या ४०० असतील तर ५ लिटरप्रमाणे २,०००. बेरीज १,१६,०००. गळती १५ टक्के धरली, तर उद्भवातून रोज १,३६,५०० लिटर उचलावे लागतील. पुढच्या वर्षांची लोकसंख्यावाढ अभियंता यावर चढवेल. जनावरांचा आकडा बहुतेक आराखड्यांत गळतो. जनावर मात्र तहानलेलं ठेवता येत नाही, त्यामुळे ते माणसांच्या ५५ लिटरमधून पितं.

आता उद्भव. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा दाखला लागतोच, पण गावानेही एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात स्वतः मोजून बघावं. विहीर उपसून पंप बंद करा, गाठी मारलेला दोर सोडा आणि तासाला पाणी किती चढतं ते पाहा. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १० सेंटिमीटर चढ म्हणजे सुमारे २,८०० लिटर. रोजच्या १,३६,५०० लिटरसाठी चोवीस तासांची सरासरी निघते तासाला ५,७०० लिटर, म्हणजे २० सेंटिमीटर चढ. पाणी वर येईल तसा चढ मंदावतो, म्हणून पहिल्या तासाच्या आकड्यावर भुलू नका, निदान सहा तास मोजा. ऑक्टोबरात मोजलेल्या तुडुंब विहिरीवर बेतलेली योजना मार्चमध्ये बसते.

वीज किती तास मिळते, तेही बघा. विहीर नदीकाठी असेल, तर पंप शेतीच्या फीडरवर येण्याची शक्यता असते. थ्री-फेज वीज कागदावर आठ तास असेल आणि प्रत्यक्षात भरवशाचे सहाच तास मिळत असतील, तर पंप तासाला १७,००० नव्हे, २२,७५० लिटरचा लागेल. पंपाची अश्वशक्ती या एका प्रश्नावर ठरते, म्हणून लाइनमनला बैठकीत बोलवायचं.

पाणी किती तास सोडणार, हे आराखड्याआधी सांगा

नव्याकोऱ्या योजनेतही शेवटच्या घरांना पाणी पोहोचत नाही, याचं सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी बोललं जाणारं कारण पुरवठ्याच्या तासांत आहे.

वितरणाचे पाइप साधारणपणे सरासरी प्रवाहाच्या तिप्पट प्रवाहासाठी आखले जातात. चोवीस तासांच्या सरासरीची तिप्पट म्हणजे दिवसाचं सगळं पाणी आठ तासांत वाटण्याची क्षमता. योजना चालू झाल्यावर गाव काय करतं? गावठाणाला सकाळी एक तास, वाडीला अर्धा तास. आठ तासांसाठी आखलेल्या पाइपातून एका तासात सगळ्यांना पाणी हवं असतं. टाकीजवळची घरं तोट्या पूर्ण उघडतात, दाब तिथेच संपतो आणि शेवटच्या नळाला फुसफुस हवा येते. मग तिथला माणूस थेट नळाला मोटार लावतो आणि त्याच्या पुढच्या घराची धारही जाते. मोटार जप्त करून हा प्रश्न सुटत नाही.

पाच माणसांच्या घराला दिवसाला २७५ लिटर लागतात. पाणी दोन तास सुटणार असेल, तर तोटीला मिनिटाला २.३ लिटर धार पुरते. एक तास असेल तर ४.६ लिटर, पाऊण तासच असेल तर ६.१ लिटर. म्हणजे पाऊण तासाच्या पुरवठ्यात २० लिटरची बादली सव्वातीन मिनिटांत भरली पाहिजे, आणि तीही एकाच वेळी सगळ्या घरांत. एवढी धार हवी तर पाइपचा व्यास वाढतो, त्याबरोबर खर्चही. त्यापेक्षा विभाग पाडा, प्रत्येक विभागाला जास्त वेळ द्या, तोटी नसलेला एकही नळ ठेवू नका. काहीही ठरवा, पण 'अमुक विभागाला इतके वाजल्यापासून इतके वाजेपर्यंत' हे अभियंत्याला लेखी द्या आणि पाइपची आखणी त्यावर करायला सांगा. कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि वापराबरोबर वाढत जाणारा दर लावून चोवीस तास पाणी दिलं. तेवढी उडी घ्यायची नसेल, तरी तासांचा प्रश्न मोकळा सोडू नका.

पाचवी पायरी: गरजा एकमेकींना अडवतात तेव्हा

सगळ्यांचं सगळं ऐकलं की यादी लांबते आणि तिच्यातल्या काही गोष्टी एकत्र नांदत नाहीत. गावठाणाला दोन वेळा पाणी हवं असतं, वाडीला निदान एकदा. बागायतदाराला उद्भवाशेजारी बोअर घ्यायची असते. इथे मतदान घेऊ नका, संख्येने गावठाणच जिंकणार. आधी क्रम ठरवा, मग मागण्या त्या क्रमाने लावा.

आमच्या मते क्रम असा असावा: प्रत्येक घराला पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी, मग शाळा, अंगणवाडी आणि उपकेंद्र, मग जनावरं, मग माणशी ५५ लिटर पूर्ण करणं, आणि दुसऱ्या वेळचा पुरवठा त्यानंतर. वाडीला एकदा पुरेसं पाणी पोहोचेपर्यंत गावठाणाला दुसऱ्यांदा सोडायचं नाही, हे स्पष्ट लिहा. हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून आधी माणसं-जनावरांचं पाणी बाजूला काढायची आणि उरलेल्यावर पिकं ठरवायची शिस्त लावली, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हेही पाळलं. तुमच्या गावात एवढं एकमत नसेल तर निदान उद्भवापुरतं बोला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या भूजल कायद्यापासून बंधन आहे. ते बागायतदारांना योजना सुरू व्हायच्या आधी सांगा. बोअर घेऊन झाल्यावर सांगितलं, की ते भांडण ठरतं.

सहावी पायरी: उद्दिष्ट लिहा

चांगल्या उद्दिष्टाच्या वाक्यात कुणाला, काय, किती, कधी आणि कसं मोजणार हे पाचही असतं. 'गावाला मुबलक व शुद्ध पाणी देणे' यात यातलं काहीच सापडत नाही. आपल्या उदाहरणातल्या गावासाठी वाक्यं अशी होतील:

१. मे महिन्यासह वर्षभर, वरच्या वाडीतल्या सर्वांत उंच घराच्या नळाला रोज सकाळी ५.३० ते ७.३० या वेळेत मिनिटाला निदान २.३ लिटर पाणी येईल. बादली आणि घड्याळ लावून मोजू.

२. शेवटच्या नळाच्या पाण्यात उर्वरित क्लोरीन ०.२ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) किंवा जास्त असेल. रोज ओटी चाचणी (रंगावरून क्लोरीन ओळखण्याची) करून वहीत नोंदवू.

३. शाळेची आणि अंगणवाडीची टाकी सकाळी १० च्या आत भरलेली असेल.

४. जनावरांचे दोन हौद रोज दुपारी ४ पर्यंत भरलेले असतील.

५. वीज, पगार, टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) आणि दुरुस्ती यांचा खर्च पाणीपट्टीतून भागेल.

पाच-सहा वाक्यांच्या पुढे जाऊ नका. टाकी, पंप, पाइप यांचा उल्लेख इथे येऊ देऊ नका. ते ठरवणं अभियंत्याचं काम आहे आणि ही वाक्यं पूर्ण करणारा स्वस्त मार्ग त्याला सुचला, तर त्याला मोकळीक हवी.

सातवी पायरी: पाणीपट्टी आताच काढा

पाइप पडल्यावर पट्टीचा विषय काढला, की 'आधी पाणी दाखवा' हे उत्तर मिळतं. उद्दिष्टांबरोबरच पट्टी ठरवा. उदाहरणातल्या गावाला तासाला २२,७५० लिटर ६० मीटर उंचीवर चढवायला साधारण १० अश्वशक्तीचा पंप लागेल. सहा तासांना रोज सुमारे ४५, महिन्याला १,३४० युनिट. युनिट ७ रुपये धरला तर ९,४०० रुपये. कर्मचाऱ्याला ८,०००. टीसीएल पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे महिन्याला २० किलोच्या थोडी वर, किलोला ४० रुपये धरून ८२०. दुरुस्तीसाठी बाजूला ५,०००. एकूण सुमारे २३,२००. हे दर फक्त हिशेबासाठी धरले आहेत, तुमच्याकडचं वीजबिल बघून बदला.

३६० घरांत वाटले तर घरटी ६५ रुपये पडतात. पण वसुली कधीच शंभर टक्के होत नाही. ७० टक्के धरली, तर महिना ९२, वर्षाला ११०० रुपये. हा आकडा जड वाटला तर उद्दिष्टाकडे परत जा: पुरवठ्याची वेळ, पंपाचे तास, दूरचा उद्भव यांतलं काय बदलता येईल ते बघा. गावांतर्गत कामांसाठीची लोकवर्गणी (१० टक्के, डोंगरी, वनक्षेत्रातल्या किंवा अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत ५ टक्के) वेगळी असते. ती आणि पट्टी एकच असा समज गावात पसरू देऊ नका.

आठवी पायरी: ग्रामसभेचा ठराव

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. शंभर माणसं एकट्या गावठाणातूनही जमतात. म्हणून हजेरी वस्तीनिहाय घ्या आणि प्रत्येक वस्तीतून निदान दहा जण, त्यांत पाच महिला, असल्याशिवाय हा विषय घेऊ नका. नकाशा भिंतीवर लावा, उद्दिष्टं मोठ्याने वाचा, 'वरच्या वाडीतल्यांनी बोलावं' असं नाव घेऊन विचारा. ठरावात पाचही वाक्यं शब्दशः, पुरवठ्याचं वेळापत्रक आणि पट्टीचा आकडा येऊ द्या. 'योजनेस सर्वानुमते मंजुरी' एवढंच लिहिलेला ठराव नंतर कुणालाही दाखवून काही मागता येत नाही. प्रत शाखा अभियंत्याला पोच घेऊन द्या.

ताब्यात घेण्याआधी

योजना हस्तांतरित करून घेण्याचा आणि 'हर घर जल' (प्रत्येक घरात नळाने पाणी पोहोचलं) असं जाहीर करण्याचा ठराव ग्रामसभाच करते. हाच मोका आहे. त्याआधी सलग सात दिवस, जमलं तर मे महिन्यात, तीन ठिकाणी बादली लावा: टाकीजवळचं घर, मधलं घर, सर्वांत उंच घर. तिन्ही ठिकाणी एकाच वेळी, नेहमीच्या पुरवठ्याच्या तासांत आणि बाकी सगळ्यांचे नळ चालू असताना. इतरांचे नळ बंद करून घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही. तारीख, वेळ, बादली भरायला लागलेली मिनिटं-सेकंद आणि घरच्या बाईची सही, एवढे रकाने वहीत पुरेत.

टीसीएल टाकल्यावर ओटी चाचणीला पिवळा रंग येत नसेल, तर पावडर जुनी झालेली असण्याची शक्यता मोठी. उघड्या पोत्यातलं क्लोरीन उडून जातं. पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं पाणी टाकीत घालायचं आणि निदान अर्ध्या तासाने पाणी सोडायचं.

वाक्य क्रमांक एक पूर्ण होत नसेल तर ठराव करू नका. बादली कुठे अडली, किती वेळ लागला आणि कुठल्या व्हॉल्व्हच्या पुढे धार पडते, ते वहीतून उतरवून अभियंत्याला लेखी कळवा आणि दुरुस्तीनंतर तेच सात दिवस पुन्हा मोजा.